बांध कोणी बांधला

आमच्या घरी जेवताना कोर्ट भरायचं. अण्णा ठाण्याच्या कोर्टात कारकून होते, आणि दिवसभर कानावर पडलेल्या उलटतपासण्या ते संध्याकाळी पानावर बसल्या बसल्या आम्हाला करून दाखवायचे. घटकेत वकील, घटकेत साक्षीदार. वकील झाले की मान ताठ आणि आवाज अगदी खालचा. साक्षीदार झाले की खांदे पाडायचे, डोळे बारीक करायचे आणि त-त-प-प करायचे. घास हातातच राहायचा, कालवणाचा ओघळ मनगटापर्यंत यायचा. आई म्हणायची, "अहो, आधी जेवून घ्या, मग द्या कोणाला फाशी द्यायची ती." धाकटा भाऊ तोवर पेंगायला लागलेला असायचा. मन लावून ऐकणारी मी एकटीच. साक्षीदाराला मोकळं बोलू द्यायचं नाही, हो की नाही एवढंच विचारायचं. त्याने लांबण लावली की मध्येच तोडायचं. आणि 'ऐकीव' हा शब्द हाती ठेवायचा, तो नीट वापरला तर भल्याभल्यांची साक्ष पडते, हे सगळं मी आठ-नऊ वर्षांची असल्यापासून शिकले ते त्या पाटावर. अण्णांना वकील व्हायचं होतं, ते जमलं नाही. माझं बोलणं ऐकून ते आईला म्हणायचे, "सुमन होईल बघ." आई भात वाढत राहायची.

ठाण्यात उथळसरला बैठ्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. सकाळी गिरणीचा भोंगा व्हायचा, मग आईच्या स्टोव्हची फरफर, मग शेजारच्यांचा रेडिओ, आणि आठवड्यातून तीनदा तरी सखूमावशींची हाक. "म्हावरं घ्या गो बाय, ताजं म्हावरं!" सखूमावशी खाडीकाठच्या बाळकुमहून यायच्या, डोक्यावर पाटी घेऊन, चालत. खाडीची चिवणी, कोळंबी, कधी चिंबोऱ्या. आई मूळची रत्नागिरीकडची, मासा हातात घेऊन कल्ले बघितल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही, आणि मावशींना त्याचा राग यायचा. "बघतेस काय गो? आता पाण्यातून काढलाय!" दोघी भांडायच्या आणि मग उंबऱ्यावर बसून चहा प्यायच्या. त्यांची मुलगी हिरा माझ्या वर्गात, माझ्याच बाकावर. हिरा नाखवा. शाळेत फारशी बोलायची नाही, पण माझ्याशी बोलायची. भरती-ओहोटीच्या वेळा तिला तोंडपाठ होत्या. मला पाढे होते. आमचं बरं चाललेलं.

नववीत आम्हाला इतिहासाला मिराशी सर आले. कोल्हापूरकडचे, सडपातळ, पंचविशीतले, शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग. पहिल्याच दिवशी त्यांनी शिक्षकांच्या खोलीतली कचऱ्याची टोपली आणली आणि टेबलावर उपडी केली. आम्ही नाकं दाबली. सर म्हणाले, "त्या खोलीत काल काय काय झालं ते मला सांगा. पण जे सांगाल ते या कचऱ्यातनं दाखवायचं." बसचं फाटकं तिकीट, शेंगांची टरफलं, लाल शाईने खोडलेला कागद, केसाची पिन. तासभर आम्ही त्या कचऱ्यावर तुटून पडलो. कोण बसने आलं, कोणी कोणाला शेंगा दिल्या, कोणाचं काय चुकलं. शेवटी सर म्हणाले, "झालं. इतिहास म्हणजे एवढंच. राजे लोकांचा कचरा जास्त टिकतो, म्हणून पुस्तकात ते जास्त." एकदा त्यांनी व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत खडूने रेघ ओढली आणि प्रत्येकाला आपल्या घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाच्या जन्मसालाच्या जागी उभं केलं. मागे रिकामा व्हरांडा लांबच लांब पसरलेला. मला तेव्हा पहिल्यांदा काळाची भीती वाटली, चांगल्या अर्थाने.

पुढे मी स्वतः डोंबिवलीत, मानपाड्याच्या एका शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. ती टोपली, ती रेघ, सगळं सरांचं उचललं. मुलांना ते आवडायचं, नाव माझं व्हायचं.

सरांचा सगळ्यात गाजलेला खेळ म्हणजे शनिवारचं कोर्ट. शेवटचे दोन तास जोडून वर्गात खटला चालायचा. रेल्वे आली ते बरं झालं की वाईट, असे खटले. दोन बाजूंचे दोन वकील, मुलांतलाच एक न्यायाधीश, बाकी वर्ग पंच. मी वकील व्हायचे आणि मी जिंकायचे. दोन-तीन खटल्यांनंतर मला हरवायचा कोणी विचारही करेना. याचा मला किती माज चढला होता ते आज लिहितानाही कान गरम होतात.

मग सरांनी आमच्याच भागातला विषय काढला. बाळकुमच्या अंगाला खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून एक जुना मातीचा बांध होता. सरांना कुठल्या तरी जुन्या सरकारी पुस्तकात एक ओळ सापडलेली, की हा बांध सरकारने बांधवला. सर हे वर्गात वाचत होते तेव्हा हिरा उठून उभी राहिली. आपणहून ती पहिल्यांदाच उभी राहिलेली. म्हणाली, "सर, तो आमच्या गावाने बांधलाय. आमच्या आजोबांना ठाऊक आहे."

"तुला कोणी सांगितलं?" हे सरांचं नेहमीचं वाक्य. रागाचं नव्हे, यातूनच ते विषय पुढे न्यायचे.

"आजोबांनीच. त्यांना गाणंपण येतं बांधाचं. त्यात सगळ्यांची नावं आहेत."

सरांचा चेहरा उजळला. फळ्यावर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बांध कोणी बांधला?' आणि हिराला म्हणाले, "आजोबांना घेऊन येशील?" गावाच्या बाजूचा वकील म्हणून एक मुलगा नेमला. सरकारच्या बाजूने मी. मधल्या सुट्टीत हिराने मला विचारलं, "तू काय विचारणार त्यांना?" मी म्हटलं, "काही नाही गं, साधंच." आणि आठवडाभर रोज संध्याकाळी अण्णांबरोबर बसून प्रश्न घोटले. साक्षीदार कोण आहे हे मी अण्णांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

धर्मा नाखवा शनिवारी आले ते स्वच्छ धुतलेला सदरा आणि लाल टोपी घालून. पायात वहाणा नव्हत्या. त्या दिवशी घातल्या नव्हत्या की घालतच नसत, ठाऊक नाही. वर्ग बघून त्यांनी सगळ्यांना हात जोडले, आम्हा पोरांना. टेबलाच्या बाजूला बाक आडवा लावून पिंजरा केला होता, त्यात त्यांना उभं केलं. त्यांच्या बाजूच्या वकिलाने विचारल्यावर ते हळूहळू बोलू लागले. ओहोटीची वेळ साधून गाव कसं उतरायचं, बायका पाट्यांनी चिखल कशा वाहायच्या, शेवटची फट बुजवताना पाणी कसं आत घुसलं आणि त्यांच्या चुलत्याचा पाय कसा त्यात कायमचा गेला. मागच्या बाकांवरची मुलंही पुढे झुकून ऐकत होती. मला तेव्हा एवढंच कळलं की माझ्या बाजूचे पंच हातातून चाललेत.

मी उठले. मान ताठ, आवाज खालचा.

"तुम्हाला लिहिता-वाचता येतं?"

"नाय गो बाय."

"तुमचा जन्म कोणत्या साली झाला?"

"साल म्हाईत नाय. बांध झाला त्याच वर्साचा मी."

"म्हणजे बांध कोणत्या साली झाला, तेही माहीत नाही."

ते हसले. "तसंच म्हन."

"बांध बांधताना तुम्ही स्वतः पाहिलात? हो की नाही?"

"मी तवा आयशीचे पोटान होतो. ती चिखोल वाहत होती नं..."

"हो की नाही?"

मागच्या बाकावरून कोणीतरी खुदकन हसलं. मग दुसरं. पोटातला साक्षीदार! मी म्हणून टाकलं. हशा पसरत गेला आणि तो मला वाऱ्यासारखा पाठीला लागला. मी मोठ्याने म्हटलं, "म्हणजे नाही. म्हणजे तुमचं सगळं ऐकीव आहे."

म्हातारे गोंधळून सरांकडे बघू लागले. मग त्यांना एकदम काहीतरी सुचलं, चेहरा मोकळा झाला. "थांब गो, गानं हाय ना. त्यान समदे हायती, कोन कोन होता तो." त्यांनी डोळे मिटले, एक हात कानाशी नेला आणि सुरुवात केली. आवाज कापरा होता. दोन ओळी झाल्या असतील.

"गाणं नको," मी म्हटलं. "उत्तर द्या."

हात कानाशी तसाच. डोळे उघडले. मग हात खाली आला. मला अजून दिसतो तो खाली येणारा हात. सर खुर्चीतून अर्धवट उठले होते, पण तोवर न्यायाधीश झालेल्या मुलाने टेबलावर डस्टर आपटला आणि पंचांना हात वर करायला सांगितलं. मोजायची गरजच नव्हती. टाळ्या पडल्या. आजोबांनी इकडे तिकडे पाहिलं, आणि असंच करायचं असतं असं वाटून की काय, त्यांनीही टाळ्या वाजवल्या. "पोर हुशार हाय," ते सरांना म्हणाले. हिरा उठली, दप्तर न घेताच पुढे आली, आजोबांचा हात धरून त्यांना बाकामागून बाहेर काढलं आणि दोघं निघून गेली.

वर्ग रिकामा झाल्यावर सरांनी मला थांबवलं. मी कौतुकाची वाट बघत होते. सर बराच वेळ फळा पुसत राहिले, मग पाठमोरेच म्हणाले, "जिंकलीस. आता मला सांग, बांध कोणी बांधला?"

ते मला ठाऊक नव्हतं. सर म्हणाले, "मलाही ते आज कळणार होतं." मग वळून म्हणाले, "चूक माझी आहे. मी खेळ मांडला." त्यांनी तसं म्हणायला नको होतं. त्यांनी मला एक मुस्काटात दिली असती तर माझं पुष्कळ भलं झालं असतं.

त्या संध्याकाळी पानावर मी सगळा खटला करून दाखवला. अण्णा हसता हसता ठसकले. "पोटातला साक्षीदार! अगं, मोठमोठ्या वकिलांना सुचणार नाही!" त्यांनी मला ते दोनदा म्हणायला लावलं. आई कोळंबीचं कालवण वाढत होती. ती म्हणाली, "कोणाचे आजोबा म्हणालीस?"

"हिराचे. सखूमावशींचे सासरे."

आईने पळी परत पातेल्यात ठेवली. "बाळकुमहून आले? चालत?"

"असतील."

"बसायला तरी दिलंत का त्यांना?"

अण्णांनी हातातला घास पानात ठेवला. आईने पदराला हात पुसले आणि ती बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. कालवण आम्हीच वाढून घेतलं.

पुढच्या आठवड्यात सखूमावशींची हाक गल्लीच्या तोंडाशी आली, जवळ आली, आणि आमच्या दाराशी थांबली. म्हणजे हाकच थांबली, पावलं नाही. दोन दारं पुढे गेल्यावर पुन्हा सुरू झाली. असं पंधरा-वीस दिवस. आई बाजारातून मासे आणू लागली आणि ते ताजे नसतात म्हणून कुरकुरलीही नाही. शाळेत हिरा दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. सरांनी एकदा तिला काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं, बरोबर दिलं, आणि सवयीने सरांच्या तोंडून गेलं, "तुला कोणी सांगितलं?" ती म्हणाली, "ऐकीव आहे, सर." वर्गात कोणी हसलं नाही. शनिवारचं कोर्ट सरांनी त्याआधीच बंद केलेलं. ते स्वतः बाळकुमला जाऊन आले, हे मला नंतर कळलं. आजोबांनी त्यांना चहा दिला, होडीबद्दल बोलले, पावसाबद्दल बोलले. बांधाचं नाव काढलं नाही.

शेवटी एका रविवारी आई म्हणाली, "जा आणि त्यांची माफी मागून ये. एकटी जा. मी आले तर ती माझी माफी होईल." मी निघाले. वाटेत वाक्य जुळवत गेले, 'आजोबा, माझं चुकलं, मला माफ करा.' त्या वेळी तिकडे मिठागरं, चिखल आणि मोकळं आकाश होतं. बांधाजवळ पोचले. पलीकडे कोळीवाड्याची घरं दिसत होती, वाळत घातलेली जाळी दिसत होती. मला फक्त तो बांध ओलांडून जायचं होतं. मी उभी राहिले. किती वेळ, सांगता येत नाही. मला म्हातारे रागावतील याची भीती नव्हती. ते रागावणार नाहीत, पुन्हा हात जोडतील, याची होती. मी परत फिरले. घरी येऊन आईला सांगितलं, "मागितली."

आईला इतकं बरं वाटलं की दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच दारातून हाक मारली, "मावशी, या ना इकडे!" मी आत, पडद्यामागे. मावशी आल्या, पाटी उतरवली. आई म्हणाली, "पोरीचं चुकलं हो. आली होती ना तुमच्याकडे माफी मागायला?"

मी डोळे मिटून घेतले.

पाटीवरचं फडकं बाजूला झाल्याचं ऐकू आलं. मग मावशी म्हणाल्या, "हो. आलेली." आणि लगेच, "घे, चिवनी बघ. बघतेस काय गो, ताजीच हाय."

त्या दिवसापासून त्या पुन्हा येऊ लागल्या. माझ्याकडे त्यांनी कधी वेगळ्या नजरेने पाहिलं नाही. मी मात्र त्यांची हाक आली की मोरीत जाऊन उगाच पाय धुवायचे.

हे मी आजवर कुठे बोलले नव्हते. मागच्या वर्षी घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या शाळेने मला तरुण शिक्षकांपुढे बोलायला बोलावलं. वर्गात इतिहास रंजक कसा करावा, हा विषय. मी टोपलीबद्दल सांगितलं, रेघेबद्दल सांगितलं, त्यांनी भराभर लिहून घेतलं. एका मुलीने विचारलं, "मॅम, एखादा प्रयोग फसला का कधी?" मी माईकपाशी हसून म्हटलं, "नाही, तसं आठवत नाही." परतताना गाडी तासभर ट्रॅफिकमध्ये अडकलेली, आणि मला माझ्याच तोंडाची किळस आली. आठवड्याभरात मी एका जुन्या वर्गमैत्रिणीकडून हिराचा नंबर मिळवला.

हिरा बाळकुमलाच राहते, एका टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर. केस पांढरे, हातात ठसठशीत बांगड्या. सुनेने सरबत आणून दिलं आणि ती आत गेली. खिडकीतून खाडीची एक पट्टी दिसत होती, बाकी सगळ्या इमारती. बांध कुठे होता ते मला ओळखता येईना. हिराने बोट दाखवलं, तिथे पार्किंग होतं.

मी घाई केली, नाहीतर पुन्हा परत फिरले असते. "हिरा, तेव्हा मी माफी मागायला आलेच नव्हते. तुझ्या आईने माझ्यासाठी खोटं सांगितलं."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "आम्ही ओट्यावरून बघत होतो तुला. आई हाक मारणार होती. आजोबाच म्हणाले, राहू दे, भ्यालीय पोर."

मी सरबताचा पेला खाली ठेवला. मग मी बांधाच्या गाण्याचं विचारलं. "पहिल्या चार ओळी येतात मला," ती म्हणाली. "नावं पुढे आहेत, ती नाही येत. आजोबांनी नंतर म्हटलंच नाही ते. मी एकदा फार हट्ट केलेला. म्हणाले, नको, मला नीट आठवत नाही, उगाच चुकीचं सांगेन." ती बांगड्या मागेपुढे करत राहिली. "त्यांना सगळं आठवत होतं गं. पण त्यांना वाटायला लागलेलं की नाही आठवत."

"माझं चुकलं," मी म्हटलं. इतक्या वर्षांनी ते एवढंसंच निघालं.

तिने ते ऐकलं की नाही, मला कळलं नाही. ती खिडकीबाहेर बघत होती. "ते यायला तयारच नव्हते," ती म्हणाली. "म्हणाले, शिकलेल्या लोकांत मी काय बोलू. मीच मागे लागलेले. मी म्हटलं, आजोबा, घाबरू नका, विचारणारी माझी मैत्रीण आहे." मग ती माझ्याकडे वळली. "मी त्यांना न्यायला नको होतं, ना गं?"

मी माझ्या वाट्याचं ओझं घेऊन गेले होते. ते इतकी वर्षं तीही वाहत होती, आणि तेही स्वतःच्या चुकीचं समजून, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. मी खुर्ची पुढे सरकवली, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "नाही हिरा. तू त्यांना आणलंस ते बरोबरच केलंस. त्यात तुझं काही चुकलं नाही. काहीच नाही."

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं, वर्गात सर बघायचे तसं नव्हे, दारात आई मासा बघायची तसंही नव्हे. एखादी थकलेली बाई दुसरीकडे बघते तसं. मग हळूच हात सोडवून घेतले.

"हे मला तेव्हा कोणीतरी सांगायला हवं होतं," ती म्हणाली.